माहेरचा रकाना

"पन मंग ह्या एकसष्ट बाया गेल्या कुठी जी?" मेश्राम सिस्टरांनी विचारलं.

मी नुकतंच वाचन संपवून कागदांची घडी घालत होते. आता शाबासकी मिळणार अशा थाटात, पदर सावरून उभी. समोर तलाव पसरला होता आणि त्याच्यावर कार्तिकातलं मऊ ऊन. शिंगाड्याच्या वेलांतून ढिवरांचे, म्हणजे तिथल्या कोळ्यांचे, डोंगे इतके सावकाश सरकत होते की बघता बघता डोळे जड व्हावेत. निम्मा व्हरांडा पेंगत होताच. कंपाउंडर टेंभुर्णे खांबाला टेकले होते, गाडी चालवणारे कटरे पायरीवर बसल्या बसल्या डुलत होते. अशा वेळी कुणी प्रश्न विचारतं होय?

"कुठल्या एकसष्ट?" मी म्हटलं.

"आता तुमीच वाचलं ना. दोनशे चाळीस बायायले सुया सुरू केल्या. अन शेवटाले मोजल्या एकशे एकोणऐंशी. ऱ्हायल्या किती?"

"एकसष्ट. त्या सुटल्या, सिस्टर. संपर्क तुटला. प्रत्येक अभ्यासात थोड्याफार सुटतातच."

"सुटतात म्हंजे? बाई काय म्हैस आहे का, दावं तोडून गेली म्हनाले?"

व्हरांडा खडबडून जागा झाला. कटरे तर पायरीवरून घसरायचेच बाकी होते. सगळे हसले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिथली तरुण डॉक्टर, मूळची गडहिंग्लजची. आमच्याकडं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं.

"सिस्टर, तुम्ही आयुष्यात एक तरी शोधनिबंध वाचलाय का?" मी म्हणाले.

"नाई जी," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हनूनच विचारलं."

हे सांगते आहे त्याला आता तीस वर्षं होतील. विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीतल्या त्या दवाखान्याचं नाव पळसतलाव. भोवती साल-मोहाचं जंगल, पुढ्यात जुना तलाव, पलीकडं पाच कोसांवर नदी आणि नदीच्या पार दुसरा जिल्हा. दवाखाना चालवायचे डॉक्टर रहांगडाले. त्यांचा एक नियम होता. पुस्तकातलं किंवा मासिकातलं कुठलंही नवं औषध दवाखान्यात सुरू करायचं असेल, तर आधी गुरुवारी दुपारी ओपीडी आटपल्यावर व्हरांड्यात सगळ्यांपुढं मराठीतून सांगायचं. सगळ्यांपुढं म्हणजे नर्सेस, कंपाउंडर, ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या अनुसयाबाई, झाडून सगळे. कुणीही प्रश्न विचारावा. एका जरी प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर ते औषध सुरू होत नाही. "जे साध्या भाषेत सांगता येत नाही ते आपल्याला समजलेलं नाही," सर म्हणायचे, "आणि जे समजलेलं नाही ते दुसऱ्याच्या अंगात टोचायचं नाही." मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. अनुसयाबाईंना विचारून औषध द्यायचं म्हणजे काय!

त्या दिवशीचा निबंध होता गर्भारपणातल्या एका सुईचा. औषधाचं नाव मुद्दामच सांगत नाही, त्या बिचाऱ्या औषधाचा काय दोष. पाचव्या महिन्यापासून आठवा सरेपर्यंत दर आठवड्याला एक सुई, म्हणजे बाळ दिवस भरण्याआधी येत नाही. नदीपारच्याच एका दवाखान्यात ती दोन वर्षं देऊन पाहिली होती. आदल्या वर्षी, सुई नसताना, तिथं शंभरातल्या बावीस जणी लवकर बाळंत झाल्या होत्या. सुईचा कोर्स पूर्ण केलेल्यांत हाच आकडा होता शंभरात आठ. बावीसचे आठ! मी ते मासिक पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचं जेवायचं विसरले होते.

"प्रश्न उभा आहे, घोरपडे," रहांगडाले सर म्हणाले. ते नेहमी तलावाकडंच बघत बोलायचे. "त्या एकसष्ट जणी कुठं गेल्या ते शोधून काढा. तोवर सुई नाही."

"सर, सोमवारी रेवता येतेय."

"सोमवारला अजून तीन दिवस आहेत."

खरं सांगायचं तर माझा सगळा राग त्या रेवतापायी होता. रेवता वलथरे. तलावाच्या पल्याडच्या ढिवरटोल्यातली सून, वय असेल तेवीस. दोन बाळंतपणं झालेली आणि दोन्ही खेपेला सातव्या महिन्यातच पोट दुखायला लागलं. पहिलं लेकरू दोन तास जगलं, दुसरं रात्रभर. दोन्ही माहेरी, हिवरटोल्याला, जंगलात बारा कोस आत. पहिलं लेकरू हाती लागेपर्यंत बाळंतपण माहेरीच करायचं, ही तिकडची रीत. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, साडेचार महिने झाले होते.

आदल्या मंगळवारी ती उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन आली होती. टोपली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "म्याडम, सासू म्हनते हेबी गेलं तं पोराले दुसरी करून देतो."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो काई म्हनत नाई." तिनं शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. "थोच तं घोर हाये."

तिच्या बोटांना शिंगाड्याच्या काट्यांचे बारीक ओरखडे होते. मला एकदम भरून आलं, आणि मी डॉक्टरनं कधी बोलू नये ते बोलून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "सोमवारी ये. नवं औषध आलंय. या खेपेला बाळ घेऊनच घरी जाशील, माझा शब्द."

रेवता लगबगीनं उठली. मग टोपली तिथंच विसरून गेली. मेश्राम सिस्टर पलीकडं कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

शुक्रवारी सरांनी नदीपारच्या दवाखान्यात फोन लावला. तासभर खरखर ऐकल्यावर निबंध लिहिणारे डॉक्टर सापडले. माणूस सरळ होता. बाया सातव्या-आठव्या महिन्यात यायच्या बंद होतात, म्हणाले. पत्त्यावर माणूस पाठवला होता, घरच्यांनी सांगितलं गावाला गेली. कोर्स अर्धवट राहिला म्हणून मग त्यांना मोजलं नाही.

मी विजयी मुद्रेनं प्रसूतिकक्षात गेले. सिस्टर खिडकीशी बसून दुपटी शिवत होत्या. वय पन्नाशीच्या पुढं, केस तेल लावून चापून बसवलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"मिळालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर," मी म्हटलं. "गावाला गेल्या त्या."

"कोन्त्या गावाले?"

"ते कसं सांगणार? गावाला म्हणजे गावाला."

त्यांनी सुई दुपट्यात खोचली. "म्याडम, सातव्या महिन्यात बाई कोन्त्या गावाले जाते? तुमच्याकडं नाई जात का?"

मी उभी होते तिथंच थबकले. माझी थोरली बहीण सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसून एसटीतून उतरली होती, आणि आई भाकरतुकडा ओवाळायला अंगणात धावली होती, ते सगळं डोळ्यापुढून गेलं. "माहेरी," मी म्हणाले.

"हां." त्यांनी पुन्हा सुई उचलली. "अन नदीपल्याडच्या सुनायचं माहेर कुठी?"

"तिकडंच असणार की," मी म्हटलं.

"अवो, नदीच्या दोनी अंगांनं सोयरिकी आहेत आमच्या. इकडच्या पोरी तिकडं देतो, तिकडच्या इकडं आनतो. थ्या एकसष्ट बाया हरपल्या नाई जी. माहेरी आल्या. इकडं आल्या."

शनिवारची ती दुपार मला अजून स्वप्नात दिसते. ओपीडी लवकर आटपली होती. सिस्टरांनी कपाटातून बाळंतपणाची जुनी रजिस्टरं काढली आणि आम्ही दोघी व्हरांड्यात चटई टाकून बसलो. तलावावर उत्तरेकडची बदकं उतरली होती, शेकड्यांनी, आणि त्यांचा तो अखंड बारीक कलकलाट चालला होता. नव्या धानाचा वास येत होता. पान उलटलं की जुन्या शाईचा आणि डेटॉलचा वास यायचा.

त्या रजिस्टरांची एक गंमत होती. छापील रकान्यात पत्ता एकच असतो. सिस्टरांनी मात्र प्रत्येक पानावर पट्टीनं लाल रेघ मारून त्याचे दोन केले होते. सासर आणि माहेर. मी नवी आले तेव्हा हे पाहून हसले होते. "सिस्टर, हे काय वधू-वर सूचक मंडळ आहे का? एक पत्ता पुरे की." तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एका पत्त्यावर बाई सापडत नाई, म्याडम." मी ते खेडवळ शहाणपण म्हणून सोडून दिलं होतं.

आता सिस्टर बोट फिरवत वाचत होत्या आणि मी वहीत उतरवत होते. सासर नदीपार, माहेर इकडं. देवांगना. सासर नदीपार, माहेर इकडं. तुळसा. प्रत्येक नावाशी सिस्टर क्षणभर थांबायच्या. "हे उंच होती. हिचा बाप हिले खांद्यावर घेऊन आला होता. हिनं लय शिव्या देल्या मले." एवढ्या बाया त्यांना आठवत होत्या, एकेक चेहऱ्यानिशी, आणि पाणी हलताना बघता बघता मला वाटायला लागलं की त्या सगळ्या खरंच पायऱ्यांवर येऊन बसल्यात, ओले केस उन्हात सोडून, आणि आपलं नाव कधी येतं त्याची वाट बघतायत.

शेऱ्याच्या रकान्यात सिस्टरांनी काही जणींपुढं लिहिलं होतं, 'तिकडच्या सुया चालू'. मी एकेक मोजत गेले. तीन, चार, सात. दहा.

अकराव्या नावाशी सिस्टरांनी बोट उचललं. रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

"हे तुमच्या हातचं आहे," त्या म्हणाल्या.

अक्षर माझंच होतं. सत्यफुला, वय एकवीस. सासर, माहेर हे सिस्टरांनी लिहिलेलं. खाली माझ्या घाईच्या अक्षरात: 'सातवा महिना. मूल चार तासांनी दगावलं. आई घरी गेली.' आणि सही. शेऱ्यात पुन्हा सिस्टरांचं अक्षर, 'तिकडच्या सुया चालू. कार्ड दाखवलं'.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"तुमचा पयला महिना होता. निळं कार्ड होतं तिच्याजवळ. लेकरू गेल्यावर तुमच्यापुढं धरून ऱ्हायली होती. म्हने, बाई, म्या सगळ्या सुया घेतल्या ना, एक नाई चुकवली, मंग असं काहून झालं? तुमी म्हनलं, ते नंतर बघू."

मग आठवलं. चेहरा आठवला नाही, कार्ड आठवलं. चौकोनी, निळं, घड्यांवर मऊ पडलेलं, चौकटींत सुयांच्या खुणा केलेलं. ते धरलेला हात बाजूला सारून मी हात धुवायला गेले होते. त्या एकसष्ट जणींतली एक माझ्या पुढ्यात बाळंत झाली होती. ज्या प्रश्नासाठी मी सिस्टरांवर फणकारले, त्याचं उत्तरच कार्ड घेऊन माझ्यापुढं आलं होतं. आणि मी मासिकात वाचलं, 'संपर्क तुटला', आणि पुढं गेले.

मला लाज वाटली. इतकी की तलावाकडंसुद्धा बघवेना. मी तिथंच चटईवर रडायला लागले.

सिस्टरांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे आता. पान ओलं होते."

त्या अकरा जणींतल्या नऊ जणी दिवस भरण्याआधीच बाळंत झाल्या होत्या. संध्याकाळी वही घेऊन मी सरांकडं गेले. मनात ठरवलंच होतं की औषध खोटं, निबंध खोटा, सगळं खोटं.

सरांनी वही वाचली आणि पेन्सिल उचलली. "बसा. मोजलेल्या एकशे एकोणऐंशी. त्यातल्या लवकर बाळंत झालेल्या किती?"

"चौदा."

"सुटलेल्यांतल्या समजा चाळीस जणी लवकर बाळंत झाल्या. मग?"

"चोपन्न. दोनशे चाळिसात चोपन्न." मी मनात भागलं. "शंभरात बावीस. आदल्या वर्षीइतकेच."

"आठवा सरेपर्यंत जिनं सुया घेतल्या तिलाच मोजायचं ठरवलं. पण जी सातव्यातच बाळंत झाली ती आठव्यापर्यंत सुया घेणार कशी, घोरपडे? यशस्वी झाल्या तेवढ्याच यादीत राहणार." त्यांनी पेन्सिल ठेवली. "मात्र एवढ्यावरून औषधच खोटं म्हणू नका."

"का नको? अकरात नऊ, सर!"

"माहेरी आलेल्यांपैकी आपल्या दवाखान्यापर्यंत कोण येतं? जिचं बिघडलं ती. जी सुखरूप झाली ती आपल्या आईच्या घरी, सुईणीच्या हाती झाली. ती तुमच्या वहीत नाही. त्यांनी एक अर्धं पाहिलं, आपण दुसरं अर्धं पाहतोय."

"मग आपल्याला कळलं काय?"

"की माहीत नाही," सर म्हणाले. "हेसुद्धा कळावंच लागतं. त्या डॉक्टरांना मी आजच पत्र लिहितो. चांगला माणूस आहे, शोधेल."

"आणि सोमवारी मी रेवताला काय सांगू?"

सरांनी मान तलावाकडं वळवली. बाहेर बदकं कलकलत होती. "ते मात्र मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक नाही," ते म्हणाले.

सोमवारी रेवता सकाळीच आली. आंघोळ करून, केसांत शेवंतीचं फूल माळून, दंडावर सुई घ्यायची म्हणून ढगळ बाहीचं पोलकं घालून. मी तिला सगळं सांगितलं. सुई नाही. मी तुला शब्द दिला ते चुकलं. काम करते की नाही, तेच कुणाला माहीत नाही.

तिनं बाही खाली ओढली. मग एकदम उसळली. "मंग त्या दिशी काहून सांगतलं? म्या घरी सांगतलं, सासूले सांगतलं! सहा रोज मी झोपली नाई खुशीनं! काई नाई तुमच्यापाशी, तं काय हाये? हे पांढरे कपडे?"

माझी एवढी लांब जीभ, ती टाळ्याला चिकटून बसली होती.

"मी आहो," मेश्राम सिस्टर म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी रेवताचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसल्या. "आयक वं. तुह्ये लेकरं लवकर आले. ते काहून आले मले मालूम नाई, ह्या म्याडमले मालूम नाई, कोनालेच नाई. पन आले तवा तू होती कुठी? बारा कोस जंगलात. ना ऊब, ना कोनी दूध पाजनारं. यंदा सातव्यात माहेरी जाऊ नको. इथी ये. तलावाकडची खोली हाये. लेकरू लवकर आलं तं येऊ दे. पन आपल्या हातात येऊ दे."

"मंग जगन?"

"शब्द नाई देत," सिस्टर म्हणाल्या. "पन मी उठून कुठी जानार नाई, हे देतो."

रेवतानं पदराचं टोक पिळलं. "अन माहेर? माय काय म्हनन? ओटी नाई भरली तं?"

"तुह्या मायलेच इथी आनू," सिस्टर म्हणाल्या.

आणि आणली. पौष सरता सरता सातवा लागला, तेव्हा कटरे गाडी घेऊन हिवरटोल्याला गेले आणि रेवताच्या आईला, भागरताबाईंना, घेऊन आले. सोबत तांदळाची पिशवी, हिरवा चुडा आणि कोंबडा. कोंबडा दवाखान्यात चालत नाही म्हणून अनुसयाबाईंनी तो ताब्यात घेतला आणि संध्याकाळी त्याचं जे झालं ते सगळ्यांनी खाल्लं. तलावाकडच्या खोलीत रेवताची ओटी भरली. सासूही आली होती, तोंड फिरवून बसली होती. "असं कधी आयकलं का बाप्पा," ती म्हणाली, "माहेर म्हने दवाखान्यात!" पण चुडा कमी पडला तेव्हा तिनंच आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून दिल्या.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. सकाळी तलावावर धुकं असायचं आणि त्यात रेवता भिंतीला टेकून बसलेली दिसायची, हात पोटावर, नजर पाण्यावर. मी दिवसातून दहा वेळा तिथून जायची. काही काम नसायचं. एक दिवस टपालानं नदीपारच्या डॉक्टरांचं पत्र आलं. ते स्वतः गावोगाव हिंडले होते, एकसष्टातल्या बावन्न जणी त्यांना माहेरच्या पत्त्यांवर सापडल्या होत्या. सगळ्या धरून मोजल्यावर सुईनं काही फरक पडलेला दिसत नाही, तसं आपण मासिकाला कळवलंय, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: 'तो प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा.' सिस्टरांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हो का? बरं झालं. थ्या दुपट्याले टीप मारून द्या जरा."

माघातल्या एका सकाळी रेवताचं पोट दुखायला लागलं. तिसऱ्यांदाही बाळ लवकरच आलं, आठवा नुकता लागला होता. मुलगी झाली. तेराशे पन्नास ग्रॅम, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. तिनं रडायलाही वेळ घेतला. मग रडली, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात.

सिस्टरांनी तिला पुसून सरळ रेवताच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं. "हे आता इथंच ऱ्हाईन. तू बसशीन, झोपशीन, खाशीन, पन हिले खाली ठेवशीन नाई." चौतीस दिवस ती मुलगी खाली ठेवली गेली नाही. रेवता थकली की भागरताबाई घ्यायच्या. दोघी थकल्या तेव्हा एक दिवस सासू पुढं झाली, पोलक्याची बटणं सोडून भिंतीशी बसली आणि म्हणाली, "द्या इकडं." त्या दिवशी ती तीन तास हलली नाही. दूध वाटीतून, थेंबाथेंबानं. दोनदा मुलगी निळी पडली आणि दोन्ही वेळा सिस्टर तिथंच होत्या. त्यांनी दिलेला शब्द त्यांनी पाळला.

फाल्गुन लागला, मोहाची फुलं पडायला लागली. सगळ्या आवारात तो गोड, झिंगलेला वास. मुलगी अठराशे चाळीस ग्रॅमची झाली आणि सरांनी घरी जायला हो म्हटलं. रेवताचा नवरा डोंगा घेऊन पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. त्यानं काही म्हटलं नाही, पण डोंग्यात पेंढा घालून त्यावर नवी चादर अंथरली होती.

निघायच्या आधी सिस्टरांनी मला हाक मारली. रजिस्टर उघडं होतं. "म्याडम, हा रकाना रिकामा काहून?"

बाळंतपणाच्या घाईत मी सगळं लिहिलं होतं आणि माहेर लिहायचं राहिलं होतं. "हिवरटोला ना? लिहिते," मी पेन घेतलं.

"नोका लिवू," रेवता म्हणाली. मुलगी तिच्या छातीशी होती, टोपडं घातलेली. "या खेपेले माह्यं माहेर इथीच झालं. दवाखान्याचं नाव लिवा."

मी भागरताबाईंकडं पाहिलं. म्हटलं, आईला लागेल. तर त्या म्हणाल्या, "लिवा जी. मीबी तं इथीच होती."

"असं लिवता येत नाई," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि दोरा बोटाला गुंडाळत होत्या.

मी लिहिलं. माहेर: पळसतलाव दवाखाना. मग शेऱ्याच्या रकान्याशी माझा हात थांबला. दीड वर्षापूर्वीचं ते पान मला दिसत होतं, ते निळं कार्ड, आणि त्याखालची माझी सही.

"शेऱ्यात काय लिहू, सिस्टर?"

"काय झालं ते लिवा," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर डोंगा पायरीवर हलकेच आपटत होता. मी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आई घरी गेली. सोबत लेकरू.' दोनदा वाचलं आणि सही केली.